कोरा फ्लॅश

लग्नात ज्यांचा फोटो अल्बममध्ये जायचाच नाही, त्यांच्यावर फोटोग्राफर भूपेंद्र नुसता फ्लॅश उडवायचा. उजेड पडे, फोटो निघत नसे, मेमरी कार्डावरची जागा वाचे. वीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही.

स्वतःच्या लेकीच्या, दिपालीच्या लग्नाला मात्र त्याने सुरतेहून सगळ्यात वेगवान, खात्रीचं कार्ड आणलं. भर दुपारी कोरीट गावच्या मांडवात तो तिचे फोटो धडाधड काढत सुटला.

तेवढ्यात गल्लीतली म्हातारी जसोदाबाई पदर सावरत नवरा-नवरीशेजारी येऊन उभी राहिली. ती प्रत्येक लग्नात अशीच यायची.

"मन्हा बी एक काढ ना, भो."

"हास, माय," म्हणत त्याने नेहमीसारखा कोरा फ्लॅश उडवला.

मग त्याने कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. पहिल्या फोटोत स्टेजवर जसोदाबाई एकटीच होती. दुसऱ्यातही. चारशेच्या चारशे फोटोंत तीच. नवरा नाही, दिपाली नाही; तिच्या खुर्चीवर नुसता हार पडलेला.

कार्डच खराब निघालं, असं पुटपुटत त्याने मान वर केली.

खुर्चीवर हार पडला होता. शेजारी जसोदाबाई एकटीच हसत उभी होती.

"आते तरी निंघना ना मन्हा फोटू, भो?"