हीच घ्यायची

शुभांगी औषध कंपनीची प्रतिनिधी होती. नाशिकच्या डॉक्टर देवरेंना तिने कंपनीच्या खर्चाने सहकुटुंब सिंगापूरला पाठवलं, तेव्हापासून ते रक्तदाबाला तिच्याकडचीच गोळी लिहीत. एकदा दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये ती खप विचारायला थांबली असताना वणीच्या वत्सलाबाई चिठ्ठी घेऊन आल्या. किंमत ऐकून म्हणाल्या, “महिन्याच्या नको. पाचच द्या.” “मग रोज कशी घेणार?” दुकानदाराने विचारलं. “चक्कर येईल तवा घेईन.” शुभांगीला राहवलं नाही. “मावशी, दुसऱ्या कंपनीची घ्या. औषध तेच आहे, खूप स्वस्त. महिन्याच्या परवडतील.” “नाय बाई. डॉक्टर म्हणले, हीच घ्यायची, दुसरी अजिबात नाय.” ते वाक्य शुभांगीनेच डॉक्टरांना शिकवलं होतं. “ऐका ना माझं.” “तू डॉक्टर हायेस का?” शुभांगीने गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र मुठीत झाकलं. “नाही,” ती पुटपुटली. वत्सलाबाईंनी पाच गोळ्या पदरात बांधल्या.