कृष्णाबाई खरं बोलली

गिरणी संपाच्या आठवणी जमवायच्या म्हणून दिपिकाने एका दुपारी आपल्या आईला, कृष्णाबाईला, फोनसमोर बोलतं केलं. फुलपाड्याच्या त्या खोलीत दोघीच होत्या.

"तू पाळण्यात होतीस," कृष्णाबाई म्हणाली. "ब्याऐंशी साल. संप मिटला की येतो, एवढं सांगून तुझे बाबा बाहेर पडले. ते परत आलेच नाहीत."

दिपिकाने रेकॉर्डिंग लावून पाहिलं. आईच्या शब्दांमागे कुणीतरी खोकत होतं, छातीत कापसाची धूळ बसल्यासारखं.

"तू खोकलीस?"

"नाही गं."

मग फोनमधून एका पुरुषाने दबक्या आवाजात विचारलं, "कृष्णे, मिटला का संप?"

"आई, हा कोण?"

दिपिकाला तो आवाज आठवणं शक्यच नव्हतं. कृष्णाबाईच्या डोळ्यांना मात्र धार लागली. इतक्या वर्षांत तिला 'कृष्णे' म्हणून कुणी हाक मारली नव्हती. रेकॉर्डिंग संपलं होतं, तरी तिने फोन ओंजळीत धरला आणि खरं तेच सांगितलं.

"नाही हो. गिरण्या बंद पडल्या, पण संप अजून कुणी मागे घेतला नाही."

खोलीत कुणीतरी सुस्कारा सोडला. दाराची कडी आतून सरकली, आणि जिन्यावरून पावलं सावकाश खाली उतरत गेली.