चौकटीवरचं माप

ओवी खुर्चीत बसली आणि चिलखत उसळून तिच्या कानांपर्यंत आलं.

"बाबा, आय कान्ट ब्रीद!" आतून आवाज आला.

मोरेश्वर गोंधळला. इथे आखातात सुट्टीचे कितीतरी शुक्रवार सुलैबियातल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये घालवून, लेकीला पत्ता लागू न देता, त्याने हे रोमन सैनिकाचं चिलखत घडवलं होतं. वाकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, आतून चामड्याच्या वाद्यांनी जोडलेल्या. आज संध्याकाळी दस्मानमध्ये शाळेच्या नाटकात ओवी सैनिक होणार होती. पुढच्या महिन्यात ती कॉलेजसाठी पुण्याला निघणार होती. त्याआधी तिने एकदा तरी हे अंगात घालावं, एवढा एकच ध्यास त्याने घेतला होता.

"उभी राहा." चिलखत झकास. "बस." पुन्हा कानांपर्यंत. मोरेश्वरने वाद्या सैल केल्या, खांद्यांखाली टॉवेल कोंबला. काही उपयोग नाही. तळची पट्टी कमरेखाली उतरत होती आणि बसलं की मांड्यांना टेकून सगळा डोलारा वर ढकलत होती.

"वाढत्या अंगाचं केलंत ना?" कौमुदी हसली. तिच्या नवऱ्याने लेकीचे युनिफॉर्म आणि बूट कायम वाढत्या अंगाचेच आणले होते. बुटांच्या टोकात कापूस घालून ओवीची अर्धी शाळा झाली होती.

"लोखंड कोणी वाढत्या अंगाचं करतं का?" मोरेश्वर चिडला. रिफायनरीत पाइपांची झीज मोजण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. "उंची चौकटीवरून घेतलीय. यंदाच्या वाढदिवसाची खूण."

स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला तो पेन्सिलीने खूण करी. खूण वर सरकली की लगेच नाशिकला घरी फोन लावी, "पोरगी आणखी वाढली!"

त्याने ओवीला चौकटीपाशी उभं केलं. खूण तिच्या डोक्याच्या चांगली चार बोटं वर होती.

"ताठ उभी राहा."

"ताठच आहे, बाबा."

त्याने खुणेकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. पोरगी आटते की काय? शेवटी हात टेकले आणि तळची पट्टी सोडवून काढली. ओवी बसली, वाकली, तिने हात उंचावून खोटा भाला फेकला. चिलखत अंगाबरोबर हललं. मोरेश्वरला भरून आलं. पण कोडं काही सुटेना.

"खूण मीच केलेली. चुकेल कशी?"

ओवी दारात सँडल चढवत होती. ती थांबली.

"दहावीनंतर मी वाढलेच नाही, बाबा. पण खूण वर गेली की तुम्ही इतके खूश व्हायचात... आणि तुमचं लक्ष पेन्सिलीकडे असायचं. म्हणून मी टाचा उचलायचे."