जबलपूरचा डाव

"आता नाव मागतोय. काय टाकू, ताई?" विष्णूनं मान न वळवता विचारलं.

"सुधाकर," मुक्ता म्हणाली. "बाबांचं जे जुनं होतं, तेच ठेवा भाऊ."

विष्णूनं ठोकलं नाव. कम्प्युटरवर लिनक्स बसवून झालं होतं, पण नुसतं बसवून काय होतं? भिंती उभ्या राहिल्या म्हणजे घर झालं का? नळ, बत्ती, पंखे सगळं अजून बाकीच असतं. विष्णूची शाळा आठवीत सुटली होती. हे काम तो फ्रीगंजातल्या आपल्या खोपटाएवढ्या दुकानात मशीनं उघडून-उघडून शिकला होता. इथली जुनी डिस्क पार खलास झाली होती, तरी साहेबांच्या फायली त्यानं एक-एक करून वाचवल्या आणि नव्या डिस्कवर होत्या तशा आणून ठेवल्या.

पासवर्ड घातला आणि पडदा उघडला.

तोच तळ्याचा फोटो, तीच ओळीनं मांडलेली चिन्हं. कोपऱ्यात एक चिठ्ठी उघडी, तिच्यातलं वाक्य अर्धंच. मशीन नवं कोरं, पण माणूस जुनाच येऊन बसल्यासारखा.

"साहेब मोठे शिस्तीचे दिसतात," विष्णू म्हणाला. "झोपलेत का आत?"

मुक्ता उठली. चहा आणते म्हणून आत गेली.

विष्णूनं अपडेट लावले, मराठी टायपिंग चालू केलं, आवाज तपासला. नानाखेड्याच्या बसस्टँडचे हॉर्न खिडकीतून येतच होते. मग त्यानं मेल जोडला. जुन्या चिठ्ठ्या भराभरा खाली उतरल्या. सगळ्या एकाच माणसाला, जबलपूरच्या गोपाळकृष्णांना. प्रत्येकीत बुद्धिबळाची एक चाल, दोन ओळी ख्यालीखुशाली आणि खाली, 'तुझा सुधाकर'. शेवटची पाच दिवसांपूर्वीची.

मान अवघडली म्हणून त्यानं वर पाहिलं. भिंतीवर फोटो होता. चंदनाचा हार. खाली सुधाकर हे नाव आणि तारीख, गेल्या वर्षीची संक्रांत.

विष्णूनं पडद्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. माऊसवरचा हात त्यानं हळूच उचलून मांडीवर ठेवला.

"घाबरू नका," मुक्ता दारात कप घेऊन उभी होती. "ती पत्रं मी लिहिते."

"ताई, हे काय प्रकरण आहे?"

"बाबा आणि गोपाळकाका देवासला एकाच बँकेत होते. बदल्या झाल्या, पण डाव सुटला नाही. आधी पोस्टकार्डावर, मग मेलवर. तीस वर्षं. काकांना ऐकू येत नाही, म्हणून फोनचा विषयच नाही. एकदा त्यांनी लिहिलं होतं, तुझी चाल यायची असते म्हणून सकाळी उठतो." तिनं कप टेबलावर ठेवला. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची चाल आली. काय कळवणार होते मी? उलट चाल पाठवून दिली."

"तुम्हाला येतं खेळता?"

"घोडा अडीच घरं जातो, एवढंच. कम्प्युटर सांगतो, मी पाठवते."

"हे काही बरोबर नाही, ताई."

"माहीत आहे. पण आज पाचवा दिवस. बाबांनी पोस्टाच्या काळातही इतका उशीर केला नव्हता. म्हातारा माणूस जिवाला लावून घेईल आणि काही झालं, तर ते मी केलेलं असेल. तेवढा खेळ चालू करून द्या."

विष्णू पुटपुटला, पण बुद्धिबळाचा प्रोग्राम उतरवायला लावलाच. तोवर काकांची शेवटची चिठ्ठी समोरच होती. 'शह. झोपलास की काय? उठ आता.' त्याच्या मानेवरून गार वारा गेला. बाहेर तर ऊन रणरणत होतं.

पट उघडला. मशीननं थोडा विचार केला आणि वजीर आपसूक दोन घरं सरकला. खोलीत माणसं दोन, खेळणारा तिसराच.

तेवढ्यात कपाटात फोन वाजला.

"बाबांचा," मुक्ता म्हणाली. "चार्ज करून ठेवते मी." तिनं तो काढला आणि तिचा चेहराच उतरला. "शर्वरी. काकांची मुलगी. ही कधी करत नाही." फोन तिनं विष्णूपुढे धरला. "तुम्ही बोला. बाबा म्हणून."

"वेड लागलं का ताई? मी मिस्त्री माणूस."

"तिनं बाबांचा आवाज लहानपणी कधी ऐकला असेल. नुसतं हो-नाही म्हणा. काकांच्या जिवाचा प्रश्न आहे, भाऊ."

विष्णूनं स्पीकर लावला. घसा खाकरला. "हं."

"काका? सुधाकरकाकाच ना?"

"हो. बोल बेटी."

मुक्तानं डोळे मिटून घेतले.

"तुम्ही बरे आहात ना?"

"ठणठणीत. मशीन बिघडलं होतं. चाल आत्ता पाठवतोच." खोटं इतकं सरळ तोंडातून निघालं, की विष्णूला स्वतःचंच नवल वाटलं. जरा जोर येऊन त्यानं विचारलं, "गोपाळ कसा आहे?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा खटका आला.

"पाच दिवस चाल आली नाही," शर्वरी म्हणाली. "मला वाटलं तुम्हालाही काही झालं, आणि मी तुमच्याशी शेवटपर्यंत खोटंच बोलले. तुमच्या हार्टचं कळलं होतं, म्हणून तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. मला माफ करा, काका. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुमच्याशी आमचा कम्प्युटरच खेळतोय."