धोंड्याचं जेवण

जेवून आडवा झालेला हेमराज जागा झाला, तो फक्त मानेपासून वर. डोळे उघडे, तोंड चालू, बाकी सारा माणूस पोत्यासारखा दिवाणावर पडलेला.

"मिनल," त्याने बायकोला हाक मारली, "झालं."

मिनलने कपाळावर हात मारून घेतला. होणार नाही तर काय! अधिक महिना, जावयाला धोंड्याचं जेवण. मनीषनगरला माहेरी येण्याआधी तिने आईला फोनवर बजावलं होतं, याच्या रक्तातलं पोटॅशियम उतरतं, गोडाचं भरपेट जेवण झालं की अंग लुळं पडतं, डॉक्टर म्हणाले एखाद्या वेळी श्वासावर येईल. आई हो हो म्हणाली आणि तुपात बुडवलेल्या पुरणपोळ्या वाढत राहिली. वर आमरस. आणि हा शहाणा प्रत्येक पोळीला "बस, एकच" म्हणत खात राहिला.

औषध पाण्यात कालवून मिनल बाहेर आली, तर गोपिकाबाई जावयाच्या तोंडाला ग्लुकोजचा पेला लावत होत्या.

"आई! ठेव तो पेला!"

"अवं, अशक्तपणा आला त्यायले."

"गोडानंच पडले न ते! अजून गोड पाजून मारून राहिली का?"

गोपिकाबाई रडवेल्या झाल्या. "असा कोणता आजार असते वं? साखरेनं त माणसाले तरतरी येते. अन् जवायाले भाकर वाढली असती, त भावकीनं माह्या तोंडात शेण घातलं असतं."

मिनलने पेला काढून बाजूला ठेवला. नवऱ्याची मान उचलून घोट घोट औषध पाजलं आणि त्याच्या छातीकडे बघत बसली. श्वास नीट चालला होता. तेवढं तरी बरं.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. भिवापूरची मावशी. गोपिकाबाईंनी डोळे पुसत स्पीकर लावला.

"जवाईबापू, उद्या धोंड्याचं जेवण आमच्याकडे बरं! पुरण शिजायले टाकून राहिली. नाही म्हणू नका."

मिनल फोनकडे झेपावली. त्याआधीच दिवाणावरून खणखणीत आवाज आला, "येतो ना मावशी! काहून नाही येणार?"

मिनलने फोन बंद केला. त्याचा लुळा हात उचलला आणि सोडून दिला. तो धप्पकन गादीवर पडला.

"सारं अंग नाही म्हणून राहिलं तुमचं," ती ओरडली, "तोंडालेच काहून जमत नाही?"