चौथा तुकडा

अकोल्यातल्या एका जुन्या सूतिकागृहाच्या जन्मनोंदी रागिणी संगणकावर घेत होती. तिची पर्ल स्क्रिप्ट, म्हणजे तिनं लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, प्रत्येक ओळ स्वल्पविरामापाशी तोडायची आणि तीन तुकडे तीन व्हेरिएबलमध्ये, म्हणजे तीन नाव दिलेल्या कप्प्यांत, ठेवायची: आईचं नाव, गाव, तारीख.

दुपारी एका ओळीचे चार तुकडे झाले.

ओळीत स्वल्पविराम दोनच होते. तारखेपुढे काहीच नव्हतं. रागिणीनं ती ओळ पुसून स्वतःच्या हातानं पुन्हा टाइप केली, तरी चौथा तुकडा आलाच: ‘उजागर’.

आईचं नाव होतं गंगूबाई, गाव हिवरखेड. खोलीत फरशी पुसणाऱ्या गंगूबाईही हिवरखेडच्याच.

“गंगूबाई, सत्त्याऐंशी सालच्या अकरा मार्चची ही नोंद तुमची हाय का?”

“माहीच हाय. एकच दिवस जगलं लेकरू. बारसंही झालं नाही.”

“मंग उजागर कोन?”

गंगूबाईंच्या हातातलं फडकं गळून पडलं.

“हे नाव मी मनातच ठेवलं होतं, बाई. कोनालेच सांगितलं नाही. त्याच्या बापालेही नाही.”

त्या पदर सावरत संगणकापुढे आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. रागिणीनं दाखवलेल्या शब्दावर त्यांनी बोट टेकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते नाव मोठ्यानं घेतलं.

“उजागर... माहा उजागर!”

 रागिणीनं स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ओळ तीच होती, स्वल्पविराम दोनच.

चौथ्या तुकड्यात आता ‘माय’ आलं होतं.