दाराआडचा ड्रायव्हर

"शिंक आली तरी गिळ," असं कुजबुजून नम्रताने खोलीचं दार लावून घेतलं. आत सौमित्र एकटा उरला. समोर स्क्रीन, टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग आणि पायाखाली दोन पेडल. बाहेर हॉलमध्ये केतकर खुर्ची ओढून बसले. ते एका मोठ्या गेम कंपनीचे. लाँचच्या आधी डेमो खेळून पहिलं मत तेच द्यायचे, आणि त्यांच्या पहिल्या मतानंतर दुसरं कुणी विचारत नसे. बाकीच्या कंपन्यांनी केव्हाच नकार कळवला होता. सोबतची पोरंही एकेक करून नोकऱ्यांना लागली होती. पुण्याजवळ मांजरी गावातल्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आता हे दोघेच उरले होते.

गेम बोपदेव घाटातल्या शर्यतीचा. खेळणाऱ्यासमोर प्रतिस्पर्धी एकच, एक लाल गाडी. "ती कॉम्प्युटर चालवतो, पण अगदी माणसासारखी," असं केतकरांना मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं. गाडी चालवणारा प्रोग्रॅम सौमित्रने लिहिला होता. सुरुवातीच्या काळात तो आणि नम्रता संध्याकाळी आरडाओरडा करत शर्यत लावायचे. सौमित्रचं ते चालवणं बघून बघून प्रोग्रॅम शिकला होता. पण काय शिकला, ते त्यालाच ठाऊक! भिंतीला धडकायचा, उगाच हॉर्न वाजवायचा, वळणं चुकवायचा. महिनोन्महिने डोकं फोडून शेवटी सौमित्रने हात टेकले होते.

म्हणून आज आतल्या खोलीत बसून लाल गाडी तो स्वतःच चालवणार होता. नम्रता म्हणाली होती, "प्रोग्रॅमलाच चालवू दे ना रे." सौमित्रने अक्षरशः हात जोडले होते. "नको. एकदा भिंतीला धडकला की आपण संपलो." ही शुद्ध लबाडी होती, आणि दोघांनाही ते पक्कं माहीत होतं.

शर्यत सुरू झाली. सौमित्र जीव मुठीत धरून चालवत होता. केतकर घसरले की तो ब्रेक दाबायचा. केतकर आडवे आले की वाट द्यायचा. घाटमाथ्यावर त्याला पुढे जायची आयती संधी होती, ती त्याने सोडली. पाहुण्यांना नाराज करायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एकदाही कुठे न घासता त्याने गाडी शेवटपर्यंत आणली आणि केतकरांना जिंकू दिलं. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

बाहेर केतकरांनी चहाचा कप उचलला.

"घाट उत्तम. झाडं उत्तम," केतकर म्हणाले. "लाल गाडी मात्र निव्वळ यंत्र."

"यंत्र?" नम्रताचा आवाज चिरकला.

"मी घसरलो की थांबते, आडवा गेलो की वाट देते. माणूस असा चालवतो का हो? निदान पुण्यात तरी नाही. माणसाला जिंकायचं असतं. हिला नुसती माझी मर्जी सांभाळायची आहे."

खुर्ची मागे सरकली. सौमित्रला रडू फुटलं. बाहेर जाऊन ओरडावं, मी माणूस आहे हो, हाडामांसाचा! दार हातभर लांब होतं. उघडलं तरी सगळं बुडणार होतं आणि न उघडलं तरी बुडणारच होतं. तो जागचा हलला नाही.

"सर, आणखी एकच फेरी," नम्रता काकुळतीला आली. "एक सेटिंग चुकलंय माझ्याकडून."

"चहा संपेपर्यंत बसतो. तसाही निम्मा उरलाय."

सौमित्रने डोळे पुसले आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. आता जिंकायचंच. त्याने पेडल दाबलं, पण गाडी जागची हलेना. डावीकडे वळवलं, तर ती उजवीकडे निघाली. वायर बघितली, ती जागच्या जागी होती. मग त्याच्या ध्यानात आलं. नम्रताने बाहेरच्या कॉम्प्युटरवरून गाडी त्याच्या हातून काढून घेतली होती आणि त्या वेड्या प्रोग्रॅमच्या हाती दिली होती.

पहिल्याच वळणावर लाल गाडी भिंतीला घासली. धूळ उडवत परत रस्त्यावर आली आणि केतकरांच्या गाडीला मागून ठोकर देऊन, भलत्याच बाजूने पुढे घुसली. पुढे गेल्याच्या आनंदात हॉर्न वाजवत बसली आणि पुढचं वळण चुकली.

"अरे! अरे चोरा!" बाहेर केतकर ओरडले.

सौमित्र बघतच राहिला. हा हॉर्न त्याच्या ओळखीचा होता. नम्रताला मागे टाकलं की तो अस्साच वाजवायचा आणि अस्साच वळण चुकायचा. तेव्हा त्याला कुणाचीच भीती वाटत नसे. शेवटच्या उतारावर दोन्ही गाड्या एकमेकींना ढकलत सुटल्या, आणि लाल गाडीचं नाक तेवढं आधी पोचलं.

"हरलो! च्यायला, हरलो!" केतकर खो खो हसत होते. "हा माणूस आहे हो! याला उद्या धडा शिकवल्याशिवाय झोप नाही यायची मला. गेम घेतला आम्ही. पुढच्या महिन्यात लाँच."

आत सौमित्रने हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून धरला. बाहेर केतकर बूट घालत होते. फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. मग ते थांबले.

"फक्त एक करा," केतकर म्हणाले. "मघाशी पहिल्या फेरीत जो चालवत होता ना, त्याला काढून टाका."